झाड कोणाचे?

शेतात झाड असावे की नसावे, हा वाद आपल्या खेड्यांत फार जुना आहे. पुस्तकात वृक्षांची थोरवी वाचून विद्यार्थी घरी जातो आणि वडिलांस विचारतो, "बाबा, आपल्या बांधावर झाडे का नाहीत?" वडील म्हणतात, "झाडाखाली ज्वारी येत नाही." विद्यार्थिमित्रहो, ह्यात दोघांचेही म्हणणे खरे आहे. म्हणूनच ह्या विषयाचा थोडा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम वडिलांची बाजू घेऊ. झाडाची सावली पिकावर पडते, त्याची मुळे पिकाच्या वाट्याचे पाणी शोषून घेतात आणि त्यावर बसणारी पाखरे कणसांवर उतरतात. ज्याचे शेत अवघे दोन एकर, त्याला बांधालगतचे पीक गमावणे कसे परवडावे? हे नुकसान डोळ्यांस दिसते. झाडाचा लाभ मात्र चटकन दिसत नाही. तो मोजावा लागतो.

तो असा मोजावा. बांधावरील झाडांची मुळे माती धरून ठेवितात, त्यामुळे जोराच्या सरींनी बांध सहसा फुटत नाही. झाडांची रांग वाऱ्याचा जोर मोडते, म्हणून जमिनीतील ओल अधिक दिवस टिकते. खोल गेलेली मुळे खालच्या थरांतील पोषक द्रव्ये वर आणितात आणि गळलेल्या पानांच्या रूपाने ती वरच्या मातीस परत मिळतात. बाभूळ, शेवरी, हादगा ही झाडे शेंगांच्या कुळातील होत. त्यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेतील नत्र घेऊन ते झाडास आणि पुढे जमिनीस उपयोगी पडेल असे करितात. वाढता वृक्ष हवेतील कर्बही आपल्या लाकडात साठवितो. शिवाय बाभळीच्या शेंगा शेळ्यांस, तिचे लाकूड औतांस, कडुनिंबाची निंबोळी खतास आणि चिंच, आंबा, सीताफळ बाजारास उपयोगी पडतात. पावसाने दगा दिला म्हणजे पीक करपते. परंतु झाडाची मुळे खोल असल्यामुळे त्याच वर्षी ते थोडा चारा, थोडे सरपण, थोडे फळ देऊ शकते. पीक ही वर्षाची मिळकत होय, तर झाड ही अडीअडचणीची ठेव होय.

असे असता शेतकरी झाड का राखीत नाही? ह्याचे उत्तर आपणांस आफ्रिका खंडातील नायजर देशाच्या हकिकतीत सापडते. उत्तरेकडील मोठा भाग सहारा वाळवंटात मोडणाऱ्या ह्या देशात फ्रेंच राजवटीच्या काळापासून झाडे सरकारची समजली जात. शेतातील झाड तोडल्यास शिक्षा होई, आणि ते वाढविल्यास लाभ आपल्यालाच मिळेल ह्याची खात्री नसे. मग शेतकऱ्याने ते वाढवावे कशाला? तो रोपटे उगवताच छाटून टाकी. जमीन उघडी पडली. वाऱ्याने उडालेल्या वाळूखाली कोवळी पिके गाडली जाऊन एकाच हंगामात अनेकदा पेरणी करण्याची पाळी येऊ लागली. सरपणासाठी स्त्रियांस कोसच्या कोस चालावे लागे.

देशाच्या दक्षिणेकडील मारादी प्रांतात टोनी रिनाउडो नावाचे ऑस्ट्रेलियन मिशनरी कृषितज्ज्ञ काम करीत होते. त्यांनी लाविलेली बहुतेक रोपे मरून गेली. 1983 साली त्यांच्या ध्यानात आले, की शेतांत जी खुरटी झुडपे म्हणून दिसतात, ती वस्तुतः तोडलेल्या वृक्षांच्या जिवंत बुंध्यांना फुटलेले धुमारे आहेत. जंगल मेले नव्हते. ते जमिनीखाली वाट पाहत होते. उपाय साधा ठरला: बुंध्यावरील चारपाच जोमदार धुमारे राखावे, बाकीचे छाटावे आणि गुरांपासून त्यांचे रक्षण करावे. ह्यास रोप विकत घ्यावे लागत नाही, की पाणी घालावे लागत नाही. तेथील गाओ नावाचा, बाभळीच्या नात्यातील वृक्ष तर पावसाळ्यात पाने गाळतो आणि उन्हाळ्यात हिरवा होतो. त्यामुळे त्याच्याखालीही बाजरी उत्तम येते. म्हणजे वडिलांच्या आक्षेपाचे उत्तर योग्य झाडाच्या निवडीत आहे.

पुढे सरकारी निर्बंध सैल झाले आणि शेतातील झाड आपलेच, असे लोक मानू लागले. मग ही रीत शेजारच्याचे पाहून शेजारी उचलू लागला. सुमारे 20 वर्षांत 50 लाख हेक्टरांवर 20 कोटींच्या आसपास झाडे उभी राहिली, असा जाणकारांचा अंदाज आहे. रिनाउडो ह्यांस 2018 साली 'राइट लाइव्हलीहुड' पारितोषिक मिळाले.

हा प्रश्न आपल्याकडेही आहे. 1964 साली महाराष्ट्रात वृक्षतोडीच्या नियमनाचा कायदा झाला. त्याने साग, आंबा, चिंच अशी यादीतील झाडे, मग ती खाजगी जमिनीत का असेनात, तोडण्यास परवानगी आवश्यक ठरविली. हेतू रक्षणाचा होता आणि तो योग्यच होता. तथापि जे झाड अडचणीच्या वेळी आपल्याला विकता येईल की नाही ह्याची शंका, ते लावण्यास मन धजत नाही, हेही तितकेच खरे. भारत सरकारने 2014 साली राष्ट्रीय कृषिवनीकरण धोरण स्वीकारले. शेतातील झाडे तोडण्याचे व वाहून नेण्याचे नियम सुलभ व्हावेत, हा त्याच्या उद्देशांपैकी एक आहे. जो झाड वाढवितो, त्याचेच ते ठरले पाहिजे. तेव्हाच ते टिकते.

विद्यार्थ्यांनो, सुटीत घरी गेल्यावर वडिलांबरोबर एकदा बांधाने फिरून पाहा. कडुनिंब, पळस, बोर, सीताफळ ह्यांच्या तोडलेल्या बुंध्यांस धुमारे फुटलेले आढळतील. पेरणीपूर्वी ते सरसकट छाटण्याऐवजी बांधावरचे दोनतीन राखण्याविषयी वडिलांस विनंती करा, त्यांची राखण आपल्याकडे घ्या आणि त्यांच्या वाढीची नोंद वहीत ठेवा. पालकांसही विनंती, की त्या झाडांपैकी एक मुलाच्या नावाचे मानावे. जे आपले आहे, त्याची काळजी घेण्यास मुलास शिकवावे लागत नाही.