देवाचे दान आणि आपण कारभारी

(शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ९:३६–४२, १ पेत्र ४:१०)

“मला अक्षर येत नाही, मी प्रभूची काय सेवा करणार?” असे पुष्कळ जण म्हणतात. यापो येथील टबीथेकडे पाहा. तिने उपदेश केल्याचे शास्त्रात कोठेच लिहिलेले नाही; परंतु ती मरण पावली तेव्हा विधवा रडत रडत तिने केलेले अंगरखे पेत्राला दाखवू लागल्या.

पंडिता रमाबाईंस विद्येचे दान होते. संस्कृतात पारंगत असूनही त्यांनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि साध्या माणसांस समजावे म्हणून पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणले. १९२२ साली देहावसान होईपर्यंत त्या या कामी झटल्या.

सुई लहान व विद्या मोठी असे आपण मानतो. पेत्राच्या वचनाप्रमाणे मात्र दोघीही कारभारीच. कारभाऱ्याजवळचे धन धन्याचे असते. ते दडवून ठेवणे हाही अपहारच होय.

म्हणून उपदेशक बंधूंनी मंडळीत “वाचता कोणास येते?” एवढेच विचारू नये. सुतार, सुईण, शेतकरी यांच्या हाती देवाने काय दिले आहे, तेही शोधावे. ज्या विधवेचे छप्पर गळते, तिचे घर पावसाळ्यापूर्वी आपल्यापैकी कोण शाकारील?