क्लाउड सेवापुरवठादाराची निवड : अनुभवाची कसोटी

स्वतःचे सर्व्हर न घेता साठवणक्षमता व सॉफ्टवेअर इंटरनेटद्वारे गरजेनुसार वापरणे आणि वापरापुरतेच शुल्क देणे म्हणजे क्लाउड सेवा होय. रायपूरच्या समता कॉलनीतील एखाद्या लहान व्यापारी संस्थेने ती स्वीकारल्यास भांडवली खर्चाची जागा चालू खर्च घेतो. मात्र हिशेब व ग्राहकांची माहिती दुसऱ्याच्या ताब्यात जाते. म्हणूनच अनुभवी पुरवठादाराची निवड महत्त्वाची ठरते.

परंतु अनुभव केवळ वर्षांत मोजता येत नाही. ओव्हीएच ही १९९९ मध्ये स्थापन झालेली फ्रेंच कंपनी. १० मार्च २०२१ रोजी तिच्या स्ट्रासबर्ग येथील डेटा सेंटरला आग लागली आणि ज्यांनी माहितीची प्रत अन्यत्र ठेवली नव्हती, अशा अनेक ग्राहकांची माहिती कायमची नष्ट झाली.

त्यामुळे करारातील तीन बाबी तपासणे आवश्यक आहे :

१. उपलब्धतेची हमी : ९९.९ टक्के हमी म्हणजे वर्षाकाठी सुमारे पावणेनऊ तास सेवा बंद राहण्याची मुभा, ९९.९९ टक्के हमीत ती सुमारे ५३ मिनिटे असते.

२. माहितीची प्रत दुसऱ्या शहरात ठेवण्याची तरतूद.

३. करार संपल्यावर माहिती परत मिळण्याची मुदत व खर्च.

केंद्र शासनाच्या ‘मेघराज’ उपक्रमांतर्गत लेखापरीक्षणानंतर सूचीबद्ध झालेले पुरवठादार हा निवडीचा एक उपयुक्त आधार आहे. तथापि, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार माहितीवरील प्रक्रिया इतरांकडे सोपविली तरी उत्तरदायित्व मूळ व्यवसायाचेच राहते. सेवा भाड्याने घेता येते, जबाबदारी नाही.