लहान अपघातांचे तीन धडे

मोठ्या अपघाताची वार्ता पंचक्रोशीत पसरते. लहान अपघाताचा मात्र पारावर विनोद होऊन तो विसरला जातो. वस्तुतः दोहोंचे कारण बहुधा एकच असते. ज्या हयगयीने आज उपरणे फाटते, तिनेच उद्या हात जातो. सबब लहान अपघात हा थोडक्या खर्चात मिळालेला धडा समजावा आणि हसून झाल्यावर त्याचे कारण शोधावे. नागपूरकडील शेतीत नित्य संभवणारी तीन उदाहरणे येथे घेतली आहेत.

पहिला धडा : उपरण्याचा. मळणीयंत्र चालू असता मालक देखरेखीसाठी खांद्यावर उपरणे टाकून अगदी जवळ उभे राहतात. वाऱ्याने पदर पट्ट्यात सापडतो, जुने कापड टरकन फाटते आणि मालक अर्धे उपरणे घेऊन मागे उडी मारतात. मंडळी हसतात. परंतु उपरणे नवे असते तर ते फाटले नसते. त्याने मालकासही आपल्याबरोबर नेले असते! यावरून जुनी उपरणी वापरावी असे कोणी समजू नये. यंत्राजवळ उपरणे, सैल बाह्या वा लोंबता पदर काहीच नसावे. पट्ट्यावर जाळी बसवावी. पेंढ्या सोडण्याचे पन्हळ किमान ९० सेंटिमीटर लांब व पात्यांकडील ४५ सेंटिमीटर झाकलेले असावे, म्हणजे हात आत पोहोचत नाही. अशा यंत्रांसाठी सरकारने १९८३ साली स्वतंत्र कायदा केला, तो उगाच नव्हे.

दुसरा धडा : खर्ऱ्याचा. कपाशीवर फवारणी करता करता तलफ येते. हात धोतरास पुसून खर्रा घोटला जातो. मग सुपारी कडू निघाली म्हणून पानठेलेवाल्यास दोष! कोणी तुंबलेली तोटी तोंडाने फुंकतात आणि सायंकाळी डोके गरगरले की उन्हास शिव्या देतात. औषध तोंडावाटेच नव्हे, तर श्वासावाटे व कातडीतूनही शरीरात शिरते. सन २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसाहून अधिक शेतकरी व मजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात जावे लागले, हे विसरता कामा नये. वारा पाठीशी घ्यावा. अंगभर कपडे, हातमोजे व तोंडावर आच्छादन असावे. तोटी पाण्याने व मऊ ब्रशाने साफ करावी. साबणाने हात धुतल्यावाचून काही खाऊ नये. डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहावा : तांबडा सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, निळा व हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. भोवळ, मळमळ वा डोळ्यांस अंधारी येताच काम थांबवून औषधाच्या डब्यासह डॉक्टरांकडे जावे.

तिसरा धडा : जोड्यांचा. ओसरीवर राहिलेल्या जोड्यात पहाटे पाय घालताच काही मऊ व थंड लागते. धनी आरोळी ठोकतात, सारे घर जागे होते आणि जोड्यातून बेडूक शांतपणे बाहेर येतो. उपकार बेडकाचेच मानावे. कारण त्या जागी विंचू असता तर हसण्यास कोणास सवड नसती. जोडे झटकून घालावे आणि पऱ्हाटीच्या ढिगात हात घालण्यापूर्वी काठीने ढोसावे. साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. तो अवयव न हलविता रुग्णास थेट रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर तेथील प्रतिविष लागू पडते. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध किती गुणकारी आहे, हे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी सिद्ध केले आहे. मांत्रिकाकडे गेलेला वेळ मात्र परत मिळत नाही.

हे तिन्ही नियम पाळण्यास खर्च थोडा व श्रम त्याहून थोडे. गड्यांस ते सांगावेतच. पण मालकाने स्वतः पाळले, तरच गडी ते मानतील.