हाडांची घडण

हाड म्हणजे शरीरातील दगड, अशी पुष्कळांची समजूत असते. ती सर्वस्वी खोटी नाही. पण पुरती खरीही नाही. कोंबडीच्या पायाचे स्वच्छ धुतलेले हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले, तर ते रबरासारखे वाकू लागते. कारण त्यातील खनिज आम्लात विरघळून गेलेले असते. याउलट, दुसरे हाड प्रखर विस्तवात भाजले, तर त्याचा आकार कायम राहतो, पण बोटांनी दाबताच त्याचा भुगा होतो. येथे खनिज उरते आणि सेंद्रिय द्रव्य जळून जाते. कठीणपणा खनिजाचा आणि चिवटपणा सेंद्रिय द्रव्याचा. दोहोंच्या संगतीतच हाडाचे सामर्थ्य आहे.

वजनाने पाहता हाडाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग खनिजाचा असतो. ते मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे बनलेले असते. सेंद्रिय भागात कोलॅजेन नावाचे प्रथिन प्रमुख होय. त्याच्या रेणूत तीन धागे दोरासारखे एकमेकांभोवती पिळलेले असतात. ही त्रिपदरी रचना मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ साली मांडली.

कोकणात कुडाची भिंत उभारताना प्रथम कारवीच्या काठ्यांचा कूड बांधतात आणि मगच त्यावर माती लिंपतात. हाडाची घडणही अशीच होते. अस्थिपेशी प्रथम कोलॅजेनच्या तंतूंचे मऊ जाळे विणतात. त्या तंतूंत ठराविक अंतरावर सूक्ष्म पोकळ्या असतात. तेथे खनिजाचे स्फटिक आकार घेऊ लागतात आणि तंतूंच्या दिशेने वाढत जातात. स्फटिकांनी कोठे बसावे व कोणीकडे वाढावे, हे ठरविण्यात त्या मऊ तंतूंचा मोठा वाटा असतो.

स्फटिकांची जाडीही मर्यादेत राहावी लागते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील दोन ते चार भागांएवढीच ती असते. लिंबाच्या रसातील सायट्रिक आम्लापासून होणारे सायट्रेट हाडातही आढळते. ते स्फटिकांच्या पृष्ठभागाला चिकटून त्यांना जाड होऊ देत नाही, असे अमेरिकेतील आयोवा येथील शास्त्रज्ञांनी २०१० साली दाखवून दिले.

या व्यवस्थेत उणीव राहिली, तर शरीराला त्याची झळ सोसावी लागते. मुडदूस झालेल्या मुलाच्या हाडांत कूड असतो, पण त्यावर खनिज पुरेसे बसत नाही. म्हणून शरीराच्या भाराने त्याचे पाय वाकतात. उलट, काही मुलांच्या कोलॅजेनमध्ये जन्मतःच दोष असतो. खनिज असूनही त्यांची हाडे लहानशा धक्क्याने मोडतात. माती कितीही चांगली असली, तरी कूडच कच्चा असेल तर भिंत टिकत नाही.

शरीराचा भार पेलणारे हाड कठीण दिसते खरे. परंतु त्या कठीण खनिजाला जागा, दिशा आणि मर्यादा लावून देतात ते हे मऊ व डोळ्यांना न दिसणारे रेणूच होत.