आधी मसावि, मग लसावि

चि. सोनू हिस,


तू पाठवलेलं गणित पाहिलं. 1517 आणि 1591 यांचा लसावि काढताना तू शाळेतल्या उभ्या मांडणीने 2, 3, 5, 7 असं करत 19 पर्यंत भागून पाहिलंस. कशानेच भाग जाईना, तेव्हा दोघांचा गुणाकार करून 2413547 हे उत्तर लिहिलंस. गुणाकार अचूक आहे, आणि ही संख्या दोघांच्याही पाढ्यात येते. पण ती सगळ्यांत लहान नाही. भाग सापडला नाही एवढ्यावरून सामाईक विभाजकच नाही असं धरून चालायचं नसतं, बाळा.

संख्या मोठ्या असल्या की मूळ अवयवांच्या शोधात वेळ घालवू नकोस. आधी मसावि काढ. 1591 मधून 1517 वजा कर, उरतात 74. आता इथे जरा थांब. जी संख्या या दोघांना निःशेष भागते, तिने त्यांच्या वजाबाकीलाही भागलंच पाहिजे, नाही का? म्हणजे चार आकडी संख्यांतला शोध एकदम 74 वर आला. पुढे 1517 ला 74 ने भाग, बाकी 37. मग 74 ला 37 ने भाग, बाकी शून्य. झालं, मसावि 37.

आता बघ, 1517 म्हणजे 37 × 41 आणि 1591 म्हणजे 37 × 43. तुझ्या गुणाकारात 37 दोनदा आला, आणि लसाविला तो एकदाच पुरतो. म्हणून गुणाकाराला मसाविने भागायचं. तेही आधी भाग आणि मग गुण, म्हणजे आकडे हाताबाहेर जात नाहीत: 1517 भागिले 37 म्हणजे 41, आणि 41 × 1591 = 65231. हे तुझं उत्तर.

ही रीत फार जुनी आहे. युक्लिडने इ.स.पू. 300 च्या सुमारास ‘एलिमेंट्स’च्या सातव्या भागात मसावि असाच काढला आहे आणि लसाविही तिथेच मांडला आहे. आपल्याकडे आर्यभटाच्या आणि पुढे भास्कराचार्यांच्या कुट्टक नावाच्या रीतीत हीच भागाकारांची साखळी आहे.

मसावि 1 आला, तर मात्र नुसता गुणाकारच लसावि. अमेरिकेत सिकाडा नावाचे कीटक आहेत. त्यांचे काही थवे 13 वर्षांनी आणि काही 17 वर्षांनी जमिनीबाहेर येतात. 13 आणि 17 मध्ये सामाईक काही नाही, म्हणून असे ठरावीक दोन थवे 221 वर्षांनीच एका साली बाहेर पडतात. त्यांतले दोन 1803 मध्ये एकत्र आले होते, त्यानंतर थेट 2024 मध्ये. मला हे गणितातल्या कुठल्याही सुंदर सिद्धतेइतकंच सुंदर वाटतं.

एक जपायचं. गुणाकाराला मसाविने भागण्याचा नियम दोनच संख्यांचा आहे. 4, 6 आणि 10 घे. तिघांचा गुणाकार 240, मसावि 2, म्हणून 120 येतील, पण खरा लसावि 60 आहे. तेव्हा आधी 4 आणि 6 यांचा 12 काढायचा, मग 12 आणि 10 यांचा. अपूर्णांकांच्या बेरजेत तीन छेद आले की पुष्कळ मुलं इथेच चुकतात.

आता 2021 आणि 2491 यांचा लसावि तू काढ. उभी मांडणी नको, भागाकाराच्या सगळ्या पायऱ्या लिही, आणि प्रत्येक पायरीशेजारी ती का चालते हे तुझ्या शब्दांत एका ओळीत मांडून मला पाठव. वाट पाहते.

तुझी,
आत्या