राक्षसाचा जीव पोपटात : एका कथाबीजाचा विचार

राक्षसाचा जीव त्याच्या शरीरात नसतो. तो सात समुद्रांपलीकडे, घनदाट रानात, एका पिंजऱ्यातल्या पोपटात असतो. पोपटाची मान मुरगळली की इकडे राक्षस तडफडून मरतो. ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी आजीकडून किंवा आईकडून ऐकलेली असते, आणि मोठेपणी तिचा विचार करावा असे सहसा कोणाला वाटत नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासाला लागल्यावर मला मात्र या पोपटाने बरेच दिवस सोडले नाही. एवढा बलाढ्य राक्षस आपला जीव एवढ्याशा पाखरात का ठेवतो? आणि ही कल्पना आपलीच आहे की आणखी कोणाची? या दोन प्रश्नांचा माग काढताना जे हाती लागले, ते प्रस्तुत लेखात मांडण्याचा विचार आहे.

'फोकलोअर' हा शब्द इंग्रजीत विल्यम थॉम्स यांनी १८४६ साली रूढ केला. त्यानंतर अवघ्या बावीस वर्षांनी, १८६८ मध्ये, लंडनहून 'ओल्ड डेक्कन डेज' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. भारतातील तोंडी कथांचे इंग्रजीतील अगदी सुरुवातीच्या संग्रहांत त्याची गणना होते. पुस्तकावर नाव आहे मेरी फ्रिअर यांचे. त्या मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कन्या. १८६५-६६ च्या हिवाळ्यात वडिलांबरोबर त्या दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर होत्या, आणि मुक्कामी सोबत म्हणून अ‍ॅना लिबेराता दि सोझा नावाची आया होती. या अ‍ॅनाने वेळ घालवण्यासाठी सांगितलेल्या गोष्टी म्हणजे हे पुस्तक.

अ‍ॅनाचे घराणे मूळचे लिंगायत. आजोबांच्या काळात गोव्याच्या आसपास ते ख्रिस्ती झाले. गोष्टी तिला आजीकडून मिळालेल्या. नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिला पोटासाठी आयेची नोकरी करावी लागली. हे सर्व आपल्याला कळते, कारण मेरी फ्रिअर यांनी गोष्टींच्या आधी अ‍ॅनाची हकीकत तिच्याच तोंडून घेऊन छापली. त्या काळात अशी रीत नव्हती. इतर कितीतरी संग्राहकांनी 'एका वृद्धेने सांगितले' एवढ्यावर काम भागवले आहे. शिवाय लिहून घेतलेली गोष्ट त्यांनी अ‍ॅनाला परत वाचून दाखवून तपासून घेतली. एवढे असूनही एक उणीव राहिलीच. अ‍ॅनाने गोष्टी इंग्रजीत सांगितल्या. तिच्या आजीने त्या ज्या शब्दांत सांगितल्या ते शब्द आज कोठेच नाहीत. इंग्रजी मजकुरात 'प्रधान', 'माळी', असे काही शब्द मात्र तसेच राहून गेले आहेत, आणि वाचताना ते दिसले की ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटते.

या संग्रहातली पहिलीच कथा 'पंचकीन'. एका राजाला सात मुली असतात, धाकटीचे नाव बालना. सावत्र आईच्या छळाने मुली रानात टाकल्या जातात. तिथे दुसऱ्या एका राजाचे सात मुलगे त्यांना भेटतात आणि सातांची सातांशी लग्ने होतात. पुढे पंचकीन नावाचा जादूगार बालनाला पळवून नेतो आणि तिचा नवरा व त्याचे भाऊ यांचे दगड करून टाकतो. मागे राहतो तो पाळण्यातला बालनाचा मुलगा. तो मोठा होऊन आईच्या शोधात निघतो, माळणीच्या घरी आश्रय घेतो, मुलीचा वेष घेऊन आईला फुले नेऊन देतो आणि ओळख पटवतो. मग बालना जादूगाराला गोड बोलून विचारते, तुम्ही अमर आहात का? तो सांगतो : फार दूर, ओसाड मुलखात घनदाट अरण्य आहे. त्यात ताडांचे वर्तुळ, मध्यभागी एकावर एक ठेवलेल्या पाण्याच्या सहा घागरी, आणि खालच्या घागरीखाली पिंजऱ्यात एक लहान हिरवा पोपट. त्याच्या जिवावर माझा जीव. मुलगा वाटेत गरुडाची पिले सापापासून वाचवतो, ते गरुड त्याला तिथे नेतात. पोपट हाती आल्यावर तो आधी दगड झालेल्या सगळ्यांना जिवंत करून घेतो. नंतर पोपटाचा एक पंख तोडतो, जादूगाराचा हात गळून पडतो. दुसरा पंख, दुसरा हात. मग पाय. शेवटी मान.

काम करून घेतल्यावर मारायचे, हे आपल्याला जरा खटकते. पण लोककथेला असले संकोच नसतात. मुलांनाही नसतात, मान मुरगळेपर्यंत ती झोपत नाहीत.

आता नॉर्वेकडे वळू. आस्ब्यर्नसेन आणि मू या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथल्या शेतकऱ्यांकडून कथा गोळा केल्या. त्यांत 'ज्याच्या अंगात हृदय नव्हते असा राक्षस' अशी एक कथा आहे. राजाला सात मुलगे. सहा जण बायका शोधायला जातात आणि परत येताना राक्षस त्या सहा जोडप्यांचे दगड करतो. धाकटा त्यांना सोडवायला निघतो. वाटेत तो एका कावळ्याला, एका माशाला आणि एका लांडग्याला मदत करतो. राक्षसाच्या घरी कैदेत असलेली राजकन्या त्याला विचारते, तुमचे हृदय कुठे आहे? तो म्हणतो, उंबऱ्याखाली. ती उंबऱ्यावर फुले पसरते. तो हसतो आणि म्हणतो, नाही, कपाटात. ती कपाटाला फुलांनी सजवते. तेव्हा तो विरघळतो आणि खरे सांगतो : दूर सरोवरात बेट, बेटावर देऊळ (म्हणजे चर्च), देवळात विहीर, विहिरीत बदक, बदकात अंडे, अंड्यात माझे हृदय. नायक अंडे दाबून धरतो, सहा जोडपी जिवंत करून घेतो, आणि मग अंडे फोडतो.

सात भाऊ, दगड, कैदेतली स्त्री, उपकृत प्राणी, शेवटचा तो सौदासुद्धा! रशियात अमर कोश्चेईची कथा आहे. त्याचे मरण सुईच्या टोकात, सुई अंड्यात, अंडे बदकात, बदक सशात, ससा पेटीत, पेटी ओकाच्या झाडाखाली पुरलेली, आणि ते झाड बुयान बेटावर. लोककथांचे वर्गीकरण करणाऱ्या अँटी आर्ने, स्टिथ थॉम्पसन आणि अलीकडे (२००४) हान्स-यॉर्ग ऊथर यांच्या सूचीत या सर्व कथा ३०२ या एकाच क्रमांकाखाली येतात.

मग हे साम्य आले कोठून? यावर एकोणिसाव्या शतकात मोठे वाद झाले. थिओडोर बेन्फाय यांनी १८५९ साली पंचतंत्राच्या प्रस्तावनेत मांडले की युरोपातल्या बहुतेक कथा भारतातून गेल्या. आपल्याला हे ऐकायला बरे वाटते, म्हणूनच जपून घ्यावे. जॉर्ज कॉक्स यांनी १८७० मध्ये पंचकीनची कथा घेऊन सांगितले की हा सारा उजेड आणि अंधार यांचा झगडा आहे. त्या संप्रदायाच्या हाती कोणतीही गोष्ट द्या, तिच्यातून सूर्य उगवायचाच. अँड्र्यू लँग यांनी या पद्धतीची यथेच्छ टर उडवली.

बेन्फाय यांच्या मताला खरा अडथळा आला तो इजिप्तमधून. ब्रिटिश म्युझियममध्ये 'डॉर्बिने पपायरस' म्हणून ओळखले जाणारे एक हस्तलिखित आहे, इ. स. पूर्व १२०० च्या सुमाराचे. त्यात दोन भावांची कथा आहे. धाकटा भाऊ बाता आपले हृदय काढून एका झाडाच्या फुलावर ठेवतो. त्याची बायको ते गुपित फोडते, झाड तोडले जाते, आणि बाता मरून पडतो. थोरल्या भावाच्या हातातल्या पेल्यात मद्य फेसाळते, ही खूण आधीच ठरलेली असते. तो शोधत निघतो. तीन वर्षे जातात, चौथ्या वर्षी त्याला फळासारखे झालेले ते हृदय सापडते. थंड पाण्यात ठेवताच ते पाणी शोषून घेते आणि मेलेला बाता थरथरतो. आपले पंचतंत्र याच्या मानाने खूपच अलीकडचे.

मला वाटते, इथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. जीव शरीराबाहेर ठेवता येतो, ही नुसती कल्पना कोणत्याही समाजात आपोआप उगवू शकते. तिला प्रवासाची गरज नाही. पण सात भाऊ, दगड होणे, एकात एक दडवलेली पेटी-अंडी आणि मदतीला येणारे प्राणी, ही सगळी साखळी एकाच क्रमाने दोन ठिकाणी स्वतंत्रपणे जुळून यावी, हे पटत नाही. ती साखळी माणसांच्या तोंडून चालत गेली असली पाहिजे. बाताच्या कथेत कल्पना आहे, साखळी नाही. म्हणून तिच्यावरून कथेचे मूळ गाव इजिप्त ठरत नाही. फक्त कल्पना किती जुनी आहे एवढे कळते.

जेम्स फ्रेझर यांनी 'गोल्डन बाउ'मध्ये (पहिली आवृत्ती १८९०) याच कल्पनेवर प्रदीर्घ विवेचन केले आहे, आणि त्यात पंचकीनही आहे. त्यांचे म्हणणे असे की या नुसत्या गोष्टी नव्हेत, त्यांच्यामागे प्रत्यक्ष चालीरीती आहेत. सेलेबीस बेटावरच्या मिनाहासा लोकांत नव्या घरात राहायला जाताना पुरोहित कुटुंबातल्या सर्वांचे जीव एका पिशवीत गोळा करी आणि धोक्याची वेळ टळल्यावर परत देई. आग्नेय ऑस्ट्रेलियातल्या वोटजोबालुक जमातीत वटवाघळाचा जीव तो पुरुषाचा जीव, आणि रातव्याचा जीव तो बाईचा, अशी समजूत होती. एकाने दुसऱ्याचे पाखरू मारले तर भांडण पेटे. जीव संकटाच्या काळात दुसरीकडे सुरक्षित ठेवावा, हा विचार या सर्वांमागे आहे. फ्रेझर आपल्या अभ्यासिकेत बसून जगभरच्या नोंदी एकत्र करीत, आणि प्रथा ज्या समाजाची त्या समाजात तिचे स्थान काय हे पाहत नसत, अशी टीका पुढच्या मानववंशशास्त्रज्ञांनी केली. ती रास्त आहे. पण त्यांनी एवढे जमवून ठेवले नसते तर टीका तरी कशावर करायची?

आपल्या जुन्या वाङ्मयातही हे बीज आहे. महाभारताच्या वनपर्वात बालधी ऋषींची कथा येते. त्यांना अमर पुत्र हवा होता. देवांनी ते नाकारले, तेव्हा त्यांनी समोरचे पर्वत टिकतील तोवर मुलगा जगो असे मागून घेतले. हा मेधावी पुढे उन्मत्त झाला. धनुषाक्ष ऋषींचा शाप त्याला बाधेना. शेवटी त्यांनी रेड्यांकरवी पर्वतच फोडवले, आणि मुलगा मेला. पोपटाच्या जागी पर्वत घेतलेला हा शहाणा बापसुद्धा फसला.

अकराव्या शतकात सोमदेवाने काश्मीरमध्ये रचलेल्या कथासरित्सागरात अंगारक दैत्याची कथा आहे. त्याचे सर्व शरीर वज्राचे, फक्त डाव्या हातावर एक मर्मस्थान. ते कळते कसे? मुलगी अंगारवती त्याच्याजवळ रडते : तुम्हाला कोणी मारले तर माझे काय होईल? तो तिची समजूत घालताना गुपित सांगून बसतो, आणि लपलेला राजा ते ऐकतो. बायबलमधला सॅमसन आठवा. त्याचे बळ केसांत. डलायला विचारते तेव्हा तो तीनदा खोटे सांगतो, चौथ्यांदा खरे. नॉर्वेचा राक्षसही आधी दोनदा खोटेच सांगतो.

या कथांचे अभ्यासक पोपटाकडे आणि अंड्याकडे फार पाहतात. प्रश्न विचारणाऱ्या बाईकडे त्यामानाने कमी. गरुड, मासा, तलवार सगळे हाताशी असूनही राजपुत्राला कोठे जायचे ते ठाऊक नसते. ते ठाऊक करून देते ती कोंडलेली स्त्री. तिच्याजवळ शस्त्र नाही, बाहेर पडायला वाट नाही, आहे ते फक्त बोलणे. माजघरात, जात्याशी, अंथरुणावर पोरे थोपटताना या गोष्टी ज्या बायकांनी सांगितल्या, त्यांना या प्रसंगात विशेष गोडी वाटली असल्यास नवल नाही. पुस्तकी सारांशात मात्र हा प्रसंग एका ओळीत उरकतात : 'तिने युक्तीने गुपित काढून घेतले.' बस्स.

आणखी एक भेद लक्षात घेण्यासारखा आहे. नॉर्वेचा राक्षस हृदय लपवतो, रशियाचा कोश्चेई मरण लपवतो, आपला राक्षस जीव लपवतो. कथा एक, पण लपवायची वस्तू निरनिराळी. मराठीत तर जीव जागेवर राहतच नाही. तो कोणावर जडतो, कशात अडकतो, टांगणीला लागतो, मुठीत धरून पळता येतो, कोणावरून ओवाळून टाकता येतो. म्हाताऱ्या माणसाचा जीव घुटमळत असला की घरचे विचारतात, कशात जीव राहिलाय यांचा? आणि कोणाला गाव सोडवेना की म्हणतात, तुझी काय इथे नाळ पुरली आहे? जी भाषा रोज असे बोलते, तिला पोपटातला जीव समजावून सांगावा लागत नाही.

आणि जीव बाहेर ठेवणारे सगळे राक्षसच असतात असेही नाही. अ‍ॅनाच्याच संग्रहात सोदेवाबाईची कथा आहे. ही राजकन्या जन्मतःच गळ्यात सोन्याची माळ घेऊन येते. तिचा जीव त्या माळेत. सवत ती माळ दासीकरवी चोरवते. दासीने माळ घातली की सोदेवाबाई मेलेली, रात्री काढून ठेवली की जिवंत. म्हणजे दिवसा ती थडग्यात आणि रात्री उठून बसते! पंचकीनचा जीव त्याने स्वतः लपवला. हिचा जीव जन्मापासून दुसऱ्याच्या हाताला लागेल असा उघड्यावर. गळ्यातल्या माळेत जीव असणे ही कल्पना आपल्याकडच्या बायकांना परकी वाटली नसावी. माझ्या मते संग्रहातली ही सर्वांत अस्वस्थ करणारी कथा आहे, आणि अभ्यासकांनी तिच्यापेक्षा पंचकीनचाच गवगवा अधिक केला.

किरीन नारायण यांनी २००२ मध्ये 'ओल्ड डेक्कन डेज'ची नवी आवृत्ती संपादित केली, तेव्हा अ‍ॅनाकडे अधिक लक्ष वेधले गेले. आपल्याकडे दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर यांच्यासारख्यांनी केवढे तरी जमवले. पण गोष्ट मिळते आणि सांगणारी हरवते, हा प्रकार अजून थांबलेला नाही. मी गेल्या सुटीत गावाकडे हीच कथा तिघींकडून ऐकून उतरवून घेतली. शब्द जसेच्या तसे ठेवले. नाव, वय, गोष्ट कोणाकडून ऐकली आणि कोणत्या वेळी सांगितली, हेही टिपले. तिघींच्याही गोष्टीत पोपट आहे. एकीच्या गोष्टीत राक्षस नसून राक्षसीण आहे. दुसरीच्या गोष्टीत पिंजरा वडाच्या ढोलीत आहे. तिसऱ्या आजी पिंजऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. पुढचे आठवेना. दोन दिवसांनी त्यांनी मला मुद्दाम निरोप पाठवून बोलावून घेतले, आणि पोपटाआधी वाटेत एक तळे असते, ते सांगायचे राहिले होते, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.