एका दिव्याचा स्टुडिओ

सुरुवातीलाच सांगते, मी कॉन्व्हेंटमधली. त्यामुळे ॲपर्चरला शुद्ध मराठीत काय म्हणतात ते मला विचारू नका, मी ॲपर्चरच म्हणणार! पण होस्टेलच्या खोलीत एकाच दिव्यावर स्टुडिओसारखं पोर्ट्रेट काढता येतं, हे मात्र मी मराठीतच सांगणार आहे.

सामान काय लागतं? एक टेबल लॅम्प, त्यात पांढरा एलईडी बल्ब, एक स्टूल, एक चादर, ट्रेसिंग पेपर आणि फर्स्ट इयरपासून पलंगाखाली धूळ खात पडलेला आपला ड्रॉइंग बोर्ड. कॅमेरा असेल तर उत्तम, नाहीतर मोबाइल.

1. आधी ट्यूबलाइट बंद करा, पडदा ओढा. दोन वेगवेगळ्या रंगांचे प्रकाश एकत्र आले की अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा निळसर दिसतो. मग कुठलाही व्हाइट बॅलन्स तो सुधारू शकत नाही.

2. प्रकाश मऊ करा. सूर्याचा व्यास जवळपास 14 लाख किलोमीटर, पण आपल्याला तो दिसतो जेमतेम अर्धा अंश. म्हणून उन्हातली सावली कडक. ढग आले की सगळं आकाशच दिवा होतं आणि सावली विरघळते. म्हणजे दिवा खरा किती मोठा आहे याला महत्त्व नाही, चेहऱ्याच्या जागेवरून तो किती मोठा दिसतो याला आहे. बल्बच्या पुढे वीतभर अंतरावर मोठा ट्रेसिंग पेपर ताणून लावा. आता तो अख्खा कागदच तुमचा दिवा झाला. कागद बल्बला चिकटू देऊ नका, बल्ब तापतो.

3. दिव्याची जागा. चेहऱ्याच्या एका बाजूला साधारण 45 अंशावर आणि डोळ्यांपेक्षा वर. दिवा हळूहळू सरकवत जा. पलीकडच्या गालावर डोळ्याखाली प्रकाशाचा छोटा त्रिकोण दिसला की थांबा. डच चित्रकार रेम्ब्रांट (1606–1669) याच्या चित्रांत असा प्रकाश दिसतो, म्हणून याला रेम्ब्रांट लायटिंग म्हणतात. दोन्ही डोळ्यांत दिव्याचा ठिपका चमकतोय ना, तेही बघा. तो नसेल तर डोळे निर्जीव वाटतात.

4. आता आपली फिजिक्स! प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. दिवा चेहऱ्यापासून अर्धा मीटर आणि चादर दिव्यापासून दीड मीटर असेल, तर अंतर तिप्पट, म्हणून चादरीवर प्रकाश साधारण एक नवमांश. पांढरी चादर आपोआप गडद करडी दिसते, काळा पडदा विकत आणायची गरज नाही. स्टुडिओवाल्यांकडे मोठा हॉल असतो, आपली खोली छोटी. म्हणून दिवा जवळ आणायचा, गुणोत्तर तेच राहतं.

5. दिवा जवळ आला की पलीकडचा कान अंधारात जातो. तिथे ड्रॉइंग बोर्डाला पांढरी शीट लावून उभा धरा. बोर्ड जवळ नेला तर सावली उजळते, लांब नेला तर गडद होते. किती ठेवायची ते तुम्ही ठरवा.

6. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणि दीड-दोन मीटर लांब. मोबाइल तोंडाशी नेला की नाक मोठं आणि कान छोटे येतात. त्यापेक्षा मागे सरका आणि 2एक्स वापरा. फोकस जवळच्या डोळ्यावर. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. फोटोत पट्टे आले तर शटर 1/100 किंवा 1/50 ठेवा.

7. सगळ्यात महत्त्वाचं, एक्सपोजर. आमच्या मेसचे काका यंदा रिटायर होतायत. मी फोटोसाठी विचारलं तर म्हणाले, "राहू दे गं पोरी, माझा फोटो काळाच येतो." आणि खिशातून आयकार्ड काढून दाखवलं. मागे पांढरीशुभ्र भिंत आणि पुढे नुसता एक काळा डाग! इतकी वर्षं काकांना वाटत होतं की दोष आपल्या चेहऱ्याचा आहे. पण कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं दृश्य सरासरी मध्यम करडं करायला बघतं. फ्रेममध्ये पांढरी भिंत जास्त असली की ते प्रकाश कमी करतं आणि मार खातो तो चेहरा. उपाय सोपा आहे. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून एक्सपोजर लॉक करा, मग लागेल तसं वर-खाली करा. सावळ्या चेहऱ्याला पावडर नको, मोठा मऊ प्रकाश द्या. गालाच्या हाडावर, कपाळावर जी चमक येते, तीच चेहऱ्याला आकार देते.

काका स्टुलावर बसले, टोपी दोनदा सारखी केली. फोटो बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "एक कॉपी गावाला पाठवायला दे."

आपल्या होस्टेलमध्ये वॉचमन काका आहेत, झाडणाऱ्या मावशी आहेत. यांचे फोटो निघतात ते फक्त आयकार्डापुरते. आधी त्यांना विचारा, आणि काढलेल्या फोटोची प्रिंट आठवणीने हातात द्या. सेंड-ऑफला अजून वेळ आहे, दिवा प्रत्येकाच्या टेबलावर आहे. तर मग मित्रांनो, ट्यूबलाइट कधी बंद करताय?